डिस्कवर नावं दिसत होती, आत काहीच नव्हतं

४ टीबीची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची बाहेरून जोडायची वेगवान डिस्क, २,२०० रुपयांत मिळतेय असं कुणी सांगितलं तर घेऊ नका. मी दोन घेतल्या.

माझ्याकडे व्हिडिओ कॅमेऱ्याच्या १४० मिनी-डीव्ही टेपा होत्या. घरातली लग्नं, मुंजी, पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर दरवर्षी पालखीचं केलेलं शूटिंग. २३ नंबरच्या टेपवर आईचा शेवटचा भोंडला. तासाभराची टेप संगणकावर उतरवायला तासच लागतो, आणि एका टेपचे १३ जीबी होतात. जवळजवळ वर्षभर रात्री बसून सगळ्या उतरवल्या. टेपा भावाच्या तळमजल्यावरच्या घरी, एकतानगरीत ठेवल्या होत्या. २५ जुलै २०२४ ला तिथे पाणी शिरलं आणि त्या चिखलात गेल्या. उरली फक्त संगणकातली प्रत.

म्हणूनच घाबरून दोन डिस्कवर दोन प्रती करायचं ठरवलं. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, मी वीसेक वर्षं सामान आणतोय, तिथे कधी फसलो नाही. हे दुकान जरा पलीकडचं, नवीन. "काका, डायरेक्ट कंपनीचा माल आहे. बिल नको असेल तर याच भावात देतो." मी हो म्हटलं.

कॉपी करायला एकेका टेपला पंधरा-वीस मिनिटं लागत होती. एसएसडीला इतका वेळ लागत नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती. दोन्ही डिस्क भरायला आठवडा गेला. १४० फाइली, प्रत्येकीचं नाव बरोबर, आकार बरोबर. पहिली उघडून पाहिली, छान चालली. मग संगणकातल्या काढून टाकल्या आणि त्या जागेत मुलीच्या लग्नाचं शूटिंग भरलं.

दोन महिन्यांनी आईची टेप लावायला गेलो. उघडेना. दुसरी डिस्क जोडली, तिच्यावरही तेच. चार टेपा पूर्ण, पाचवी निम्म्यावर तुटलेली, पुढे सगळं कोरं.

डेटा रिकव्हरीवाल्या मुलाने माझ्यासमोर डिस्कचं झाकण काढलं. आत नखाएवढं ६४ जीबीचं मेमरी कार्ड, छोट्याशा बोर्डावर बसवलेलं आणि डिंकाने चिकटवलेलं. बाकी डबी रिकामी. त्याने समजावलं: बोर्डातला प्रोग्रॅम बदललेला असतो, तो संगणकाला "मी ४ टीबी" असं सांगतो. खरी जागा संपली की पुढचा डेटा तो सोडून देतो, पण चूक झाल्याचं कळवत नाही. फाइलींच्या नावांची यादी डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिली जाते, म्हणून ती शाबूत दिसते. जे लिहिलंच गेलं नाही ते परत कुठून काढणार? आणि संगणकातल्या मूळ जागेवर लग्नाचं शूटिंग चढलेलं.

तेव्हा कळकळीने सांगतो, नवी डिस्क आणलीत की आधी ती काठोकाठ भरून तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हे फुकट प्रोग्रॅम पूर्ण डिस्क लिहितात आणि लिहिलेलं परत वाचून पाहतात. मोठ्या डिस्कला दिवस-दीड दिवस लागेल, लागू द्या. ज्यांनी अशी डिस्क आधीच भरली आहे त्यांनी पहिली फाइल उघडून समाधान मानू नका, शेवटची उघडा, मधल्याही उघडा. मूळ प्रत तोवर पुसू नका. दोन डिस्क घेणार असाल तर दोन वेगळ्या दुकानांतून घ्या, आणि पक्कं बिल घ्याच.

उघडलेली डिस्क घेऊन दुकानात गेलो. "पावती आहे का?" एवढंच त्याने विचारलं. मी मोबाइलवरची यूपीआयची नोंद दाखवली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला कळवतो म्हटलं. त्याने गल्ल्यातून ४,४०० रुपये काढून समोर ठेवले. एका शब्दाने वाद घातला नाही, डिस्ककडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या काचेच्या कपाटात तशाच दहा-बारा डब्या रचलेल्या होत्या. पैसे मिळाले तरी घरी येऊन मी तक्रार नोंदवली.