अमेरिकी न्यायाधीशांच्या आर्थिक विवरणांचा ऑनलाइन संग्रह: नोकरीच्या दाव्यात न्यायाधीश बदलून मागताना कितपत कामाचा?

अमेरिकेच्या फेडरल कोर्टात कंपनीविरुद्ध नोकरीचा दावा लावला असेल, तर २०२२ च्या कायद्याने खुला झालेला हा मोफत संग्रह सुरुवातीलाच तपासायला हवा. प्रतिवादी कंपनीचा एक जरी शेअर न्यायाधीशांच्या, जोडीदाराच्या किंवा घरातल्या अल्पवयीन मुलाच्या नावावर असला, तर अमेरिकी संहितेच्या २८ व्या शीर्षकातल्या कलम ४५५ (बी) प्रमाणे त्यांना खटला सोडावा लागतो. दोन्ही बाजूंनी संमती दिली तरी चालत नाही. मात्र खटल्यावर बराच वेळ खर्च झाल्यावर शेअर उघडकीस आला, तर तो विकून खटला पुढे चालवायची सोय कायद्यातच आहे. म्हणून उशीर नको.

न्यायाधीशांचं नाव टाकून अहवाल उघडा आणि थेट सातवा भाग, गुंतवणुकी, वाचा. किंमत अक्षरांत असते: ‘जे’ म्हणजे १५,००० डॉलरपर्यंत, ‘के’ म्हणजे त्यापुढे ५०,००० पर्यंत. अक्षर कोणतंही असो, अर्जाला फरक पडत नाही. म्युच्युअल फंड पाहून हुरळून जाऊ नका. फंडातले शेअर सहसा धरत नाहीत. खरी चूक होते ती नावात. दावा उपकंपनीवर असतो आणि शेअर मूळ कंपनीचे. म्हणून फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम ७.१ खाली प्रतिवादीने दाखल केलेलं निवेदन आधी काढा, त्यात मूळ कंपनीचं नाव मिळतं.

माहिती शिळी असते, हा मोठा दोष. वार्षिक अहवाल आदल्या वर्षाचा, मुदत १५ मे, शिवाय मुदतवाढ, आणि दाखल झाल्यावर तो चढवायला ९० दिवसांपर्यंत. १,००० डॉलरवरच्या शेअर व्यवहारांचा अहवाल ४५ दिवसांत द्यावा लागतो, तो वेगळा उघडा. सुरक्षेसाठी काही मजकूर काळा केलेलाही असतो.

‘साहेबांनी आमचे सगळे अर्ज फेटाळले’ या नेहमीच्या तक्रारीला इथे काहीच हाती लागत नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या लिटेकी निकालानंतर नुसते विरोधी आदेश पूर्वग्रहाचा पुरावा म्हणून जवळजवळ कधीच टिकत नाहीत. न्यायाधीशांची पार्श्वभूमीही चालत नाही: १९७५ मध्ये एका वकिली फर्मविरुद्धच्या लिंगभेदाच्या दाव्यात न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी, त्या कृष्णवर्णीय स्त्री आहेत या मुद्द्यावर बाजूला व्हायला ठाम नकार दिला, आणि तो योग्यच होता.

पूर्वग्रहासाठी त्याच शीर्षकातलं कलम १४४ आहे. पण तिथे शपथपत्र एकदाच देता येतं, सोबत वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. वकील नसलेल्याचं घोडं तिथेच पेंड खातं. त्याने कलम ४५५ खाली अर्ज द्यावा आणि सुनावणीची तारीख, नोंदीचं पान आणि न्यायाधीशांचं नेमकं वाक्य त्यात उतरवावं.