इग्निशन स्विच तपासायला मल्टिमीटर घ्यावा की टेस्ट लॅम्प?

सेल्फ कधी लागतो, कधी नाही. बॅटरी, अर्थ, फ्यूज बघून झालेत आणि संशय आता स्विचवर आलाय, असं धरून चालतो. हे चावीच्या गाड्यांपुरतंच. बटण स्टार्टचा मामला वेगळा.

मल्टिमीटरला नावं ठेवायची नाहीत. बॅटरी 12.6 व्होल्टवर आहे की 11.9 वर, हे टेस्ट लॅम्पचा दिवा सांगणार नाही. स्विचवर लोड ठेवून, म्हणजे त्यातून करंट जात असताना, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरवर मीटरची टोकं लावली, आणि अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला, तर स्विच गेलाच समजा.

माझं बिनसलं ते त्याच्या बीपशी, म्हणजे जोड सलग असला की मीटर वाजतो त्या टेस्टशी. बहुतेक लोक स्विचचा कपलर (वायरींचा जोड) काढून तीच टेस्ट करतात. आतले पॉइंट काळे पडलेले असले तरी मीटर खुशाल वाजतो, कारण तो नावापुरताच करंट सोडतो. एखाददुसऱ्या ओहमचं त्याला सोयरसुतक नाही. पण रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) नसलेल्या गाडीत तेवढ्यानेही सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, नुसता टक् करून गप्प बसतो. माझी गाडी द्वारका चौकात, ऐन गर्दीत बंद पडायची आणि घरी मीटर म्हणायचा, सगळं ठीक!

मग इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि बॉडीला लावायचा चिमटा जोडला. हा दिवा पावणेदोन अँपियर ओढतो, त्यामुळे कच्चा कॉन्टॅक्ट लपत नाही. डोकं डॅशखाली, हात चावीवर. चावी जरा हलवली की इग्निशनच्या वायरवरचा दिवा मिणमिणायचा. मीटरचे आकडे तेवढ्यात बदलून पुन्हा जागेवर येतात, दिसतही नाहीत. (सेल्फ मारताना एसीसीच्या (रेडिओसारख्या सामानाच्या) वायरवरचा दिवा विझतो, तो दोष नव्हे. इग्निशनचा मात्र विझता कामा नये.)

एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला आणि ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरींना दिवा अजिबात लावू नका. ईसीएमकडे काही बघायचंच असेल तर मीटरने, आणि एअरबॅगला घरी कशानेच हात लावू नये. एलईडीचा टेस्टरही या कामाला नको, तो नावापुरताच करंट ओढतो.

तुमच्या गाडीचा अनुभव वेगळा असू शकतो. पण दिव्याचं सामान कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतं, आणि मीटर काय, शेजाऱ्याकडूनही मागून आणता येतो.