डब्ल्यूटीओ कायद्याचा ऑनलाइन डिप्लोमा: सांगलीतून आठ महिन्यांनी

मी सांगलीत वकिली करतो. कामं बहुतेक जमिनीच्या वाटपाची आणि न वटलेल्या चेकची. त्यामुळे डब्ल्यूटीओच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या, कायद्याचा हा डिप्लोमा घेतला तेव्हा बार रूममध्ये चेष्टा झाली. कारण एवढंच, की तासगावचा एक बेदाणा व्यापारी माझा पक्षकार आहे आणि त्याच्या परदेशी खरेदीदाराच्या मेलमधलं 'एसपीएस' (अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पतींच्या आरोग्याचे नियम) म्हणजे काय, हे मला सांगता आलं नव्हतं. संस्थेचं नाव लिहीत नाही.

पहिले दोन महिने इतिहास. १९४७ चा गॅट हा व्यापार करार, २३ देश, एकामागून एक फेऱ्या, १५ एप्रिल १९९४ ला माराकेशचा करार, १ जानेवारी १९९५ पासून डब्ल्यूटीओ. सर स्लाइड वाचून दाखवायचे, मी दीडपट वेगानं ऐकायचो.

खरी गंमत शेती कराराला आली. उसाच्या एफआरपीवरून, म्हणजे कारखान्यांनी द्यायच्या सरकारी किमान भावावरून, ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये भारताविरुद्ध डब्ल्यूटीओत जादा अनुदानाची तक्रार केली होती, हे मला माहीतच नव्हतं. वाळव्यात आमचा तीन एकर ऊस आहे आणि माहीत नव्हतं! घरी सांगितलं तर आबा भडकले. "सरकारनं मला कधी रुपया दिलाय का? बिल कारखाना देतो, तेबी हप्त्यानं. मग अनुदान कुठनं आलं?"

भारताचा जिनिव्हातला, म्हणजे डब्ल्यूटीओच्या मुख्यालयातला, युक्तिवाद नेमका हाच होता: पैसे कारखाने देतात, सरकार ऊस खरेदी करत नाही. वाद ऐकणाऱ्या पॅनेलनं तो मानला नाही. शेती कराराच्या हिशेबात सरकारनं खिशात हात घातला का, याला महत्त्व नाही. सरकारनं ठरवलेला भाव आणि १९८६-८८ च्या पायावर गोठवलेला संदर्भ भाव यांतला फरक काढायचा आणि त्या भावाला पात्र असलेल्या उत्पादनानं गुणायचा. २०१८-१९ ला एफआरपी होती क्विंटलला २७५ रुपये, आणि तुलना तीस वर्षांपूर्वीच्या भावाशी. विकसनशील देशाला अशा अनुदानाची मर्यादा उत्पादनमूल्याच्या १० टक्के. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत ती ओलांडली, असा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये आला. गणित कळलं, पण संदर्भ भाव इतका जुना ठेवणं मला आजही पटत नाही.

भारतानं अपील केलं आणि प्रकरण तिथंच थांबलं. अपील ऐकायला अपील मंडळाचे तीन सदस्य लागतात. अमेरिका नेमणुका अडवत राहिली आणि डिसेंबर २०१९ पासून तेवढे सदस्यच उरले नाहीत. आमच्या नोट्समध्ये मात्र अपिलाचा सुबक तक्ता, ९० दिवसांत निकाल. शंका विचारली, उत्तर तीन आठवड्यांनी आलं: "परीक्षेला तक्ताच लिहा." पैसे परत मागावेत असं वाटलं ते याच दिवशी. आबांनी विचारलं, "मग तारीख कधीची?" तारीखच नाही म्हटल्यावर त्यांना जिनिव्हा एकदम ओळखीचं वाटलं.

बौद्धिक संपदेच्या भागात अमेरिकेत दिलेलं हळदीचं पेटंट येणारच, आणि सांगलीकर म्हणून मी कान टवकारले. पण १९९७ मध्ये ते रद्द झालं ते अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयात, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने लेखी पुरावे दिल्यावर. डब्ल्यूटीओत तो खटला गेलाच नव्हता. व्याख्यानात दोन्हींची सरमिसळ आहे, सांभाळून ऐका.

एसपीएसचा भाग मात्र उत्तम, व्याख्यात्या मॅडमनी प्रत्यक्ष काम केलेलं जाणवतं. आयातदार देश फवारणीच्या औषधाच्या रेसिड्यूची (मालात उरलेल्या अंशाची) मर्यादा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकापेक्षा कडक ठेवू शकतो, पण त्याला शास्त्रीय आधार हवा. आणि हा आधार मागायला व्यापारी स्वतः जिनिव्हाला जाऊ शकत नाही, तक्रार सरकारनंच करायची. पक्षकाराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे वकीलसाहेब, माझा रिपोर्टच चोख पाहिजे." तेव्हापासून तो कंटेनर भरायच्या आधी प्रयोगशाळेचा रिपोर्ट मला पाठवतो.

घ्यायचाच असेल तर शेती करार आणि एसपीएस आधी करा, इतिहास शेवटी. करार आणि पॅनेलचे अहवाल डब्ल्यूटीओच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. उसाचा अहवाल वाचायला मला पाच रविवार लागले. रेकॉर्डिंग कोर्स संपल्यावर महिन्याभरात बंद होतात, तेव्हा वही जवळ ठेवा.