बुरूड गल्लीतलं डालगं आणि आमचा टेंब्या

कोल्हापूरच्या बुरूड गल्लीतून कोंबड्यासाठी डालगं, म्हणजे कोंबडा झाकायची बांबूच्या कामट्यांची टोपली, आणलं त्याला सात महिने झाले. साडेचारशे रुपये पडले. गल्लीतल्या नऊ घरांनी वर्गणी काढली होती.

कोंबडा कुणा एकाचा नाही. गेल्या आषाढात एका तालमीची त्र्यंबोलीची यात्रा आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीवरून चालली होती. यात्रेचं पारंपरिक वाजप, पी ढबाक, वाजत होता, बायकांच्या डोक्यावर पंचगंगेच्या नव्या पाण्याच्या घागरी होत्या. त्या गर्दीत कुणाच्या तरी पिशवीतून तांबडा कोंबडा निसटला आणि थेट माझ्या शिलाई मशीनखाली येऊन बसला. मागायला कोणी आलं नाही. त्र्यंबोली देवीला आम्ही टेंबलाई म्हणतो, टेंबलाईचा म्हणून टेंब्या. आखाडात मोकळा कोंबडा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला होता. पण समोरच्या अण्णांनी, ज्यांचा रविवार पांढऱ्या रश्श्याशिवाय जात नाही, त्यांनीच सांगून टाकलं, "देवीच्या वाटेवरनं परत आलाय. त्याला हात लावायचा न्हाई."

तेव्हापासून सकाळी दहाला तो माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा असतो. शाळू तळहातावरचाच खातो, खाली टाकलेला नाही.

रात्री शेवग्यावर झोपायचा. दिवाळीनंतर एका पहाटे झाडाखाली पिसंच पिसं आणि शेपटाजवळ रक्त. बोक्यानं धरलं होतं. त्या दिवशी मी एकही ब्लाऊज शिवला नाही. आधी तारेचा पिंजरा बघितला, पण त्याला तळही तारेचाच. जड कोंबडा रोज तारेवर उभा राहिला की तळव्यांना जखमा होतात. डालग्याला तळ नसतो, पाय जमिनीवर राहतात.

विणणाऱ्या मावशींनी कोंबडा केवढा ते हातानं दाखवायला लावलं आणि तुऱ्याच्या वर वीतभर जागा सोडून डालगं विणून दिलं. कामट्या घट्ट, फटीतून बोट जातं, बोक्याचा पंजा जात नाही. वारा खेळतो. तिन्हीसांजेला वरून झाकलं की टेंब्या कुरकुर न करता बसतो. कोंबड्याला अंधारात फारसं दिसत नाही, म्हणून वेळ तीच गाठायची.

आता खोट. वजनाला हलकं आहे. पहिल्याच आठवड्यात कुत्र्यानं ढकलून तिरकं केलं, तेव्हापासून वर वरवंटा ठेवतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर ठेवू नका, खालची कड कुजते. आम्ही पत्र्याखाली, सुक्या फळीवर ठेवतो. एक कामटी सुटून टोक आत आलं होतं. घेऊन गेले तर मावशींनी तिथंच बसून नवी घातली, पैसे घेतले नाहीत, "कोंबडा बरा हाय न्हवं?" एवढंच विचारलं.

पोतं टाकलं की आरवणं थांबेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोंबड्याच्या अंगातच घड्याळ असतं, उजेड दिसो न दिसो, उजाडायच्या आधी तो बांग देतोच. पोत्यानं आवाज थोडा दबतो, इतकंच. कोपऱ्यावरच्या काकूंची त्यावरून तक्रार होती. हल्ली सकाळी वरवंटा काढायला त्याच येतात.

येत्या आषाढात यात्रेच्या दिवशी टेंब्याला दिवसाही डालग्यात ठेवणार आहे. पी ढबाक ऐकला की तो अजून मशीनखाली शिरतो.