आविष्कार की स्वतःचं चर्चासत्र?

महाराष्ट्रातल्या पदवीच्या मुलांना संशोधन मांडायला 'आविष्कार' ही विद्यापीठांमधली संशोधन स्पर्धा हक्काची जागा आहे. मानव्यविद्येपासून वैद्यकापर्यंत सहा गट, पदवी आणि पदव्युत्तरचे वेगळे स्तर, विद्यापीठ फेरी आणि मग राज्य. नियम आखलेले, परीक्षक ठरलेले. पोस्टर लावायचं, उभं राहून प्रश्न झेलायचे. पहिल्यांदा संशोधन करणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी.

पण मुलांनी स्वतः चर्चासत्र भरवलं की शिकणं वेगळ्याच पातळीवर जातं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. आलेल्या शोधनिबंधांचे सारांश नावं झाकून वाचायला बसा. 'शेतकऱ्यांचं कर्ज' हा नुसता विषय आहे. 'शेजारच्या दोन तालुक्यांत सावकारी कर्जाचं प्रमाण वेगळं का?' हा प्रश्न आहे. हा फरक दहा सारांश बाजूला काढताना जसा कळतो, तसा तो वर्गात क्वचितच कळतो. सत्र चालवताना वक्ता वेळ ओलांडतो, तेव्हा समोर विभागप्रमुख असले तरी 'दोन मिनिटं उरली' ही चिठ्ठी पुढे सरकवावीच लागते.

अडचण एकच, पण मोठी: तिसऱ्या वर्षाची मुलं बाहेर पडली की घडी विस्कटते. आयआयटी मुंबईचा टेकफेस्ट हा तंत्रज्ञान महोत्सव १९९८ पासून विद्यार्थीच चालवतात, तेव्हा हे जमण्यासारखं आहे. समितीत निम्मी मुलं दुसऱ्या वर्षाची घ्या आणि हिशेबाची वही, वक्त्यांचा पत्रव्यवहार त्यांच्याच हाती ठेवा.