फेरो रॉड की लाकडाचं घर्षण?

जंगलात आग पेटवून जीव वाचवायचा असेल तर खिशात फेरो रॉडच (ठिणग्या पाडणारी धातूची कांडी) हवा. पात्याच्या कडेने खरवडला की सुमारे 3000 अंश सेल्सिअसच्या ठिणग्या उडतात. भिजला तरी पुसून लगेच चालतो. तासाभरात जमतो.

दोरी बांधलेल्या कमानीने लाकडी दांडी फळीवर घुसळून आग काढणं मात्र हट्टी काम. दमट हवेत हात दुखतात आणि नुसता धूर निघतो. पण जंगल वाचायला शिकवतं ते हेच. जमिनीवर पडलेली फांदी ओल धरते, झाडावरच वाळलेली कोरडी राहते. नख रुतेल इतकं मऊ लाकूड चांगलं. फळीच्या खाचेत साचलेली लाकडाची भुकटी तपकिरी असेल तर उष्णता कमी पडतेय, काळी झाली की निखारा जवळ आलाय. मग वाळक्या गवतात ठेवून हलकी फुंकर. (जोरात नको, विझतो!)