कातळसड्यावर शेपटीच्या चाकाचा कब: आठ महिने शिकवून झाल्यावर

ऑक्टोबर ते मे, रोज नाही पण आठवड्याला दोन सकाळी, १.८ मीटर पंखांचा बाल्साचा (हलक्या लाकडाचा) रिमोट कब, म्हणजे छोटं मॉडेल विमान, राजापूरच्या बाजूच्या सड्यावर फक्त शिकवण्यासाठी वापरला. मूळ पायपर जे-३ कब या खऱ्या विमानाचे पंख १०.७४ मीटर, म्हणजे हा साधारण एक षष्ठांश. बॅटरीसकट वजन २.२ किलो.

नाकाखाली चाक असलेल्या ट्रेनरवर शिकलेली मुलं रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं उभं पान) विसरतात. कब विसरू देत नाही, म्हणून तो घ्यावा. टेलड्रॅगरचा, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा, गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. जमिनीवर नाक जरा वळलं की मागचं वजन बाहेर फेकलं जातं आणि विमान गर्रकन फिरतं. हाच ग्राउंड लूप. एकेकाळी आपल्या फ्लाइंग क्लबांत ज्या पुष्पक विमानावर शिकवत, तेही शेपटीच्या चाकाचंच. विमान पूर्ण थांबेपर्यंत रडर सोडायचा नाही, ही तिथली शिस्त इथेही तशीच लागते.

पहिले दोन दिवस उडवूच नका. जमिनीवर इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, एलेव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या पानाची) स्टिक मागे ओढलेली. मग टेकऑफ. थ्रॉटल ३-४ सेकंदांत हळूहळू; एकदम दिला की नाक डावीकडे पळतं. शेपूट उचलताना पंख्याच्या जायरो परिणामाने डावीकडे आणखी एक ओढ बसते, तेव्हा उजवा रडर आधीच थोडा दिलेला हवा. उतरताना विमान उसळलं की शिकाऊ हात स्टिक पुढे ढकलतो आणि प्रोपेलर कातळावर आपटतो. उसळी मोठी असेल तर थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी मारायची. जोडलेल्या दुसऱ्या रिमोटवर शिकाऊला आधी फक्त रडर द्या. ट्रेनर स्विच स्प्रिंगचाच घ्या: बोट सुटलं की ताबा शिकवणाऱ्याकडे.

किटमधली चाकं मात्र जांभ्यासाठी नाहीत. फोमचे टायर महिन्याभरात फाटले. १०० मिमीची रबरी चाकं बसवा आणि प्रत्येक चाक एक-दीड अंश आत वळवा. सरळ धावण्यात लगेच फरक दिसतो. टेलव्हीलची तार थेट रडरला जोडलेली येते, त्यामुळे खड्ड्याचा प्रत्येक धक्का सर्वोच्या (रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दात्यांवर बसतो. मध्ये दोन मऊ स्प्रिंगा टाका. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ७५ ते ८० मिमीवर ठेवा. त्याहून मागे गेला तर विमान हवेत चंचल होतं आणि जमिनीवर जास्त गिरक्या घेतं.

वाऱ्याचं गणित वेगळं. सकाळी मतलई वारा मंद असतो, नऊपर्यंतचा वेळ सोन्यासारखा. उन्हं चढली की खारा वारा सुटतो, आणि पट्टी उत्तर-दक्षिण असेल तर तो सरळ आडवा येतो. अशा वेळी शिकाऊच्या हाती हा कब देऊ नये. जागा निवडताना आधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघा, आणि कातळशिल्पं असलेल्या सड्यावर चाक फिरवू नका. ती झिजली की परत येत नाहीत. ओहोटीची घट्ट ओली वाळू मऊ उतरते खरी, पण बारीक वाळू मोटरच्या चुंबकांत शिरते, म्हणून सडाच बरा.

खाऱ्या हवेत आसाची पोलादी तार आणि चाक जागेवर अडवणाऱ्या कॉलरचे स्क्रू गंजतात. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करायचं, मग तेलाचा थेंब. कॉलरच्या स्क्रूला लॉकिंग गोंद. दमट दिवसांत पंखावरची फिल्म सैल पडते, ती मंद इस्त्रीने ताणून घ्या, फार गरम केलीत तर पंख पिळतो. पावसाळ्यात पंख मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत, सिलिका जेलसकट, आडवे ठेवा. बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर.